कड्याशिवाय प्रतिध्वनी

डबच्या (गाण्यातले काही आवाज काढून, उरलेल्यांना प्रतिध्वनी देणारी जमैकन शैली) अंगानं जाणारं डाउनटेम्पो, म्हणजे संथ लयीचं इलेक्ट्रॉनिक संगीत, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला त्यात फारसं काही घडतच नाही असं वाटतं. मिनिटाला 75 ठोके, दोन-तीन स्वरांचा जाड बेस, मधूनच स्नेअर ड्रमचा एक फटका. तो फटका मात्र लांब कुठेतरी विरत जातो आणि खोली मोठी झाल्याचा भास होतो. हा भास हिशेबानं घडवलेला असतो.

दौलताबादच्या तासलेल्या कड्यापासून 70 मीटरवरून टाळी वाजवली, तर आवाज जाऊन-येऊन 140 मीटर कापतो. तीस अंशांच्या हवेत त्याचा वेग सेकंदाला साधारण 350 मीटर, म्हणजे प्रतिध्वनी 0.4 सेकंदानं येणार. 75 च्या लयीत एक ठोका 0.8 सेकंदाचा, त्यामुळे तो नेमका दोन ठोक्यांच्या मध्यावर पडतो. वेरूळच्या दहाव्या लेण्यात असा सुटा प्रतिध्वनी मिळत नाही. कमानदार छताखाली आवाज नुसता घुमतो. डबला दोन्ही लागतं.

1970 च्या दशकात जमैकातल्या किंग्स्टनमध्ये किंग टबी आणि त्यांच्या बरोबरीच्या तंत्रज्ञांनी हे अंतर टेपवर आणलं. टबी मुळात रेडिओ दुरुस्त करणारे, म्हणून आवाज मिसळणारा मिक्सरच त्यांचं वाद्य झालं. टेपयंत्राच्या एका हेडनं आवाज टेपवर नोंदवायचा, पुढच्यानं वाचायचा. टेप सेकंदाला 19 सेंटिमीटर धावत असेल तर 0.4 सेकंदासाठी हेडमध्ये 7.6 सेंटिमीटर अंतर हवं. वाचलेला आवाज पुन्हा नोंदवला की फीडबॅक. तो 70 टक्के ठेवला तर दर फेरीला आवाज सुमारे 3 डेसिबल उतरतो. वीसेक फेऱ्यांत, म्हणजे आठ सेकंदांत, तो ऐकू येईनासा होतो. 100 टक्क्यांपुढे गेलात की नुसता आरडाओरडा. टेपवर तो बोथट राहतो, सॉफ्टवेअरमध्ये कानठळ्या बसवतो.

खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक फेरीत टेप वरच्या पट्टीचे स्वर गमावते. मोकळ्या हवेतही लांबून येणाऱ्या आवाजातले तेच स्वर आधी शोषले जातात, म्हणून हे स्वर गमावलेला आवाज कानाला दूरचा वाटतो. सॉफ्टवेअरमध्ये हे हातानं करावं लागतं. डिले (प्रतिध्वनी देणारा इफेक्ट) ऑक्सवर, म्हणजे मिक्सरच्या वेगळ्या वाटेवर, आणि शंभर टक्के वेट, म्हणजे तिथून मूळ आवाज नाही, फक्त प्रतिध्वनी. फीडबॅकच्या वाटेत 3 किलोहर्ट्झवर लो-पास (त्यावरचे स्वर कापणारा फिल्टर) आणि 250 हर्ट्झवर हाय-पास (त्याखालचे कापणारा). लो-पास विसरलात तर फटका दूर जातच नाही, फक्त मोजला जातो. हाय-पास विसरलात तर बेसचा चिखल. सेंड, म्हणजे डिलेकडे आवाज पाठवणारी कळ, एकाच फटक्यापुरता उघडून लगेच बंद करायचा. नवखे तो उघडाच ठेवतात आणि सगळी मोकळी जागा भरून टाकतात.

बेसचं दुखणं वेगळं, आणि बीड-लातूरकडच्या पत्र्याच्या खोल्यांत ते जास्तच. 12 फूट लांबीच्या खोलीत सुमारे 48 हर्ट्झचा स्वर भिंतींपाशी घुमतो, मधोमध जवळपास गायब होतो. मध्ये बसून मिक्स करणारा बेस वाढवत सुटतो. समोरच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर बसा. मग 40 ते 80 हर्ट्झचा साधा टोन हळू फिरवा. पत्रा जिथे थरथरेल तिथले बोल्ट रबरी वायसर घालून आवळा, नाहीतर ती खरखर मिक्समधलीच समजून तुम्ही इक्वलायझर फिरवत बसाल.