हवाई अंतर आणि उड्डाणवेळ (सोलापूर विमानतळ)

पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून दोन विमानतळांना जोडणाऱ्या सर्वांत जवळच्या वाटेची लांबी म्हणजे हवाई अंतर. ही वाट बृहद्‌वृत्ताचा, म्हणजे पृथ्वीच्या केंद्राभोवती काढलेल्या वर्तुळाचा तुकडा असते. वैमानिक ते सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल १.८५२ किमी.

भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवली की लांबचे अंतर हमखास चुकते. मुंबई ते न्यूयॉर्क (सु. १२,५०० किमी.) अशी रेघ ओढल्यास ती अरबस्तान व उत्तर आफ्रिकेवरून जाते, खरी जवळची वाट मात्र वर चढून आइसलँडजवळून जाते. शाळेत पृथ्वीगोलावर दोरा ताणून हे मुलांना जरूर दाखवावे.

सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळापासून गोव्याचे मोपा सु. ३०५, मुंबई सु. ३६०, तर लंडन सु. ७,५५० किमी. लंडनला येथून थेट विमान नाही. तरी मुंबईमार्गे गेल्यास हवाई अंतर जेमतेम ३० किमी.ने वाढते, कारण मुंबई जवळजवळ त्या वाटेवरच आहे. हैदराबाद सोलापूरला मुंबईपेक्षा जवळ, पण उलट दिशेला. तेथून गेल्यास सु. ४७५ किमी. जास्त पडतात. जवळचा विमानतळ तोच सोयीचा, हा समज म्हणूनच दर वेळी खरा ठरत नाही.

अर्थात, विमानच नसेल तर अंतराचा आकडा कागदावरच राहतो. सोलापूरकरांनी ते वर्षानुवर्षे सोसले आहे. धावपट्टीच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची सु. ९० मीटर उंच चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली. पुढे ९ जून २०२५ पासून गोव्याची विमानसेवा सुरू झाली.

अंतराला वेगाने भागून वेळ निघत नाही. गोव्याला जाणारे एटीआर जातीचे पंख्याचे विमान ताशी सु. ५०० किमी. वेगाने उडते, त्या हिशोबाने ३७ मिनिटे पुरावीत, पण वेळापत्रकात तासाभराहून अधिक वेळ धरतात. जागेवरून हलल्यापासून मुक्कामी जागेवर थांबेपर्यंतचा हा काळ, म्हणजे ब्लॉक टाइम. त्यात धावपट्टीपर्यंतची चाल, चढण, उतरण आणि उतरण्याच्या परवानगीची वाट पाहणे हे सगळे येते. प्रवास जितका छोटा, तितका या भागाचा वाटा मोठा.

लांबच्या प्रवासात वारा हिशोब बदलतो. ९ ते १२ किमी. उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार झोतवारे वाहतात. त्यामुळे लंडनला जाताना येण्यापेक्षा सहसा जास्त वेळ लागतो. एखाद्या देशाचे आकाश बंद असले तर वळसा पडतो तो वेगळाच.

तिकिटावर दोन्ही ठिकाणच्या स्थानिक वेळा छापलेल्या असतात. लंडन भारतापेक्षा उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेपाच तास मागे असते. उन्हाळ्यात मुंबईहून दुपारी १ वाजता निघून तेथे सायंकाळी ५.३० वाजता पोहोचणारे विमान साडेचार नव्हे, नऊ तास प्रवास करते.