उत्तर वाटेत आहे

"ऑनलाइनला पोरं तोंडच उघडत नाहीत हो." बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठल्याही कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बसा, ही तक्रार कानावर येतेच. पाठोपाठ दोन निदानंही येतात. एक, पोरांना काही येत नाही. दोन, नेटला स्पीड नाही. पहिल्यावर मी लगेच काही बोलत नाही. दुसरं मात्र बहुतेक वेळा चुकीचं असतं आणि ते चुकीचं ठरलं की पहिलंही डळमळू लागतं.

'स्वयम्' हे सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ 2017 मध्ये सुरू झालं. 2021 पासून एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत विषय त्यावरून करण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) दिली. ध्वनिमुद्रित व्याख्यानात अडचण नसते, कारण तिथे कुणी कुणाला प्रश्न विचारत नाही. गडबड होते ती थेट तासाला, सर "काय रे, समजलं का?" म्हणतात तिथे.

आधी स्पीडचं बघू. माणसाचं बोलणं सेकंदाला 30 किलोबिटमध्ये स्वच्छ जातं. चित्राला त्याच्या कित्येक पट जागा लागते, म्हणून व्हिडिओ अडखळतो. अंतराचाही दोष नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो. बेळगाव ते बेंगळुरू ही वाट 500 किलोमीटरची धरली तरी त्याला अडीच मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाची अडीचपट. उलट वर्गात दहा मीटरवरच्या शेवटच्या बाकापर्यंत हवेतून पोचायला सरांच्या आवाजाला 29 मिलिसेकंद लागतात!

मग वेळ जातो कुठे? मोबाइल तुमचा आवाज साधारण 20 मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापतो. एक तुकडा म्हणजे एक पॅकेट, सेकंदाला 50. निघताना ती एकसारख्या अंतराने निघतात, पोचताना मात्र तसं राहत नाही. एक 30 मिलिसेकंदांत पोचतं, पुढचं 35 मध्ये, त्याच्या पुढचं 120 मध्ये. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात, डोंगराआड, रेंजची एकच काडी दिसत असताना हा खेळ जास्त चालतो. टॉवर आणि मोबाइल यांच्यात पॅकेट बिघडलं की ते पुन्हा पाठवावं लागतं आणि मागची रांग खोळंबते. या अनियमितपणाला जिटर म्हणतात.

आलेलं पॅकेट लगेच वाजवलं तर आवाजाचे तुकडे पडतील. म्हणून ऐकणाऱ्याच्या मोबाइलमध्ये पॅकेट आधी थोडी साठवतात आणि मग ठरल्या चालीने वाजवतात. बेळगावकरांना हे फोड करून सांगायला नको. राकसकोप धरणाचं असो वा हिडकलचं, नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही, म्हणून गच्चीवर टाकी. टाकी मोठी असेल तर घरातली धार तुटत नाही, पण तुम्ही पिता ते पाणी तेवढंच शिळं असतं. मोबाइलमधली ही टाकी, म्हणजे बफर, स्वतःच लहानमोठी होते. नेट डळमळलं की ॲप ती वाढवतं. आवाज स्वच्छ राहतो, पण शिळा होतो. शेवटी इतकं उशिरा आलेलं पॅकेट, की त्याची वाजण्याची वेळ टळून गेली, ते सरळ फेकून देतात आणि भोक बुजवायला आधीचाच ध्वनी ताणतात. सरांचा मधूनच यंत्रमानव होतो तो इथे.

दूरध्वनीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार एका बाजूचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत असेल तर संभाषणाला सहसा बाध येत नाही, आणि 400 च्या वर तो जाऊच नये. डळमळीत नेटवर 300 सहज होतात. सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाएवढाही नसलेला हा उशीर, त्याने काय बिघडतं? बरंच बिघडतं, आणि मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आवडतो तो हाच भाग.

2009 मध्ये नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक मानसभाषाविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह दहा भाषांतली संभाषणं मोजली. हो-नाहीच्या प्रश्नानंतर उत्तर यायला सरासरी सुमारे 200 मिलिसेकंद लागत होते. जपानी सर्वांत चटपटीत, डॅनिश सर्वांत निवांत, पण तेही अर्ध्या सेकंदाच्या आतच. (दहांत भारतीय भाषा एकही नव्हती. आपल्या विद्यापीठांतल्या भाषाविभागांनी हे काम हाती घ्यावं, सीमाभागाइतकी चांगली प्रयोगशाळा कुठे मिळणार!) आता चमत्कार बघा. साधं चित्र बघून त्याचं नाव तोंडातून यायलाच सुमारे 600 मिलिसेकंद लागतात. तरी उत्तर 200 मध्ये येतं, म्हणजे समोरच्याचं वाक्य संपायच्या आतच आपण ते कुठे संपणार हे ताडतो आणि उत्तर जुळवायला घेतो. दिवसभर, नकळत.

यामुळे बोलण्यातल्या रिकाम्या जागेलाही अर्थ येतो. "रविवारी लग्नाला येणार न्हवं?" याला "येणार की!" हे झटकन येतं. नकार अडखळत येतो. आधी थोडी शांतता, मग "बघूया की..." ती शांतता ऐकताच विचारणारा ओळखतो, हा काही येत नाही.

आता तास ऑनलाइन घ्या. सरांचा प्रश्न पोचायला 300 मिलिसेकंद, विद्यार्थ्याचे नेहमीचे 200, उत्तर परत यायला 300. सरांना ऐकू येते 800 मिलिसेकंदांची शांतता, आणि मेंदू तिचा अर्थ लावून मोकळा: याला येत नाही. जर्मनीतल्या संशोधकांनी 2014 मध्ये हेच दाखवलं. जोडणीत उशीर घातला की लोक तारेला दोष देत नाहीत, पलीकडचा माणूस कमी लक्ष देणारा, कमी स्नेहाचा वाटू लागतो.

अमेरिकेत मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात वर्गातली अशीच एक गोष्ट मोजली होती. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात. आता वजाबाकी करा. सरांच्या त्या एका सेकंदातले 600 मिलिसेकंद जाण्यायेण्यात गेले, पोराच्या वाट्याला उरले 400. त्यात खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतून आलेली मुलगी. प्रश्न इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये, विचार मराठीत, उत्तर पुन्हा इंग्रजीत. ती तोंड उघडते तोवर सरांनी "चला, पुढे जाऊ" म्हटलेलं असतं. दोघांचे आवाज एकमेकांवर आदळतात, ती "सॉरी सर" म्हणून माइक बंद करते.

समुपदेशनात हे जास्त नाजूक होतं. ऑक्टोबर 2022 पासून मनाच्या दुखण्यावर फोनवरून सल्ला देणारी 'टेली-मानस'ची 14416 ही मोफत सरकारी सेवा सुरू आहे, बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचा तिच्या उभारणीत मोठा वाटा आहे. समुपदेशकाचं अर्धं काम गप्प राहण्यात असतं. फोनला मात्र शांतता कळत नाही. बोलणं थांबलं की बरेच फोन आवाज पाठवणंच थांबवतात आणि ऐकणाऱ्याकडे बारीक खोटी खरखर वाजवतात, कारण पूर्ण शांतता झाली की आपण "हॅलो? हॅलो?" सुरू करतो. त्यातून गोंगाट गाळणारी यंत्रणा. ती मिक्सर गाळते, कुत्रं गाळते आणि कधी उसासाही गाळते. फोनवरच्या समुपदेशकाला म्हणून "मी ऐकतेय हं" असं मधूनमधून बोलून दाखवावं लागतं.

    

तुमच्या जोडणीचा उशीर मोजायला यंत्र लागत नाही. दोघांनी आळीपाळीने 1 ते 20 मोजायचं: एकाने एक, दुसऱ्याने दोन, शक्य तितक्या लवकर. आधी समोरासमोर, मग कॉलवर. एक म्हणणाऱ्याने स्वतः "एक" म्हटल्यापासून "वीस" ऐकू येईपर्यंतची वेळ घ्यायची. दोन वेळांतला फरक भागिले दहा, म्हणजे जाण्यायेण्याचा उशीर. सहा सेकंद जास्त लागले तर 600 मिलिसेकंद. मग इअरफोन बिनतारीऐवजी तारेचा लावून, व्हिडिओ बंद करून, खिडकीशी बसून पुन्हा मोजा. आणि एकदा समोरासमोर बसूनच कन्नडमध्ये मोजा, ओंदु, एरडु, मूरु. तिथे जी वेळ वाढेल ती नेटची नसेल, आणि सरांनी प्रश्नानंतर थांबताना तीही धरायला हवी.