कांदा अनुदान, ३५० रुपये आणि सातबाऱ्यावरची नोंद

कांद्याला अनुदान पहिल्यांदा २०२३ ला मिळालं असं बरेच जण धरून चालतात, पण तसं नाहीये. २०१६ ला जुलै-ऑगस्टमध्ये विकलेल्या कांद्याला क्विंटलमागे १०० रुपये दिले होते, आणि २०१८ च्या शेवटी भाव पडले तेव्हा २०० रुपये, तेही २०० क्विंटलपर्यंतच. पण आज नाशिक जिल्ह्यात अनुदान म्हटलं की विषय निघतो तो २०२३ चाच.

त्या फेब्रुवारीत लाल कांद्याचा भाव पार कोसळला. हा लाल, म्हणजे उशिराच्या खरिपाचा रांगडा कांदा टिकत नाही, उन्हाळ कांद्यासारखा चाळीत भरून ठेवता येत नाही, त्यामुळे भाव असो नसो, काढला की विकायचाच. सोलापूरला एका शेतकऱ्याच्या ५१२ किलो कांद्याचे हमाली-तोलाई-भाडं वजा जाऊन २ रुपये उरले आणि तेवढ्याचा चेक हातात आला, ती बातमी देशभर गेली. लासलगावला शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले. मार्चमध्ये अधिवेशन चालू असताना राज्य सरकारकडून आधी क्विंटलमागे ३०० रुपये जाहीर झाले, मग दिंडोरीहून मुंबईकडे निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च पुढे सरकला तसे त्याचे ३५० झाले. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात विकलेला लाल कांदा, जास्तीत जास्त २०० क्विंटल, म्हणजे एका शेतकऱ्याला फार तर ७० हजार.

इथपर्यंत ठीक होतं, खरा घोळ झाला तो अटीत. सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीतून कांद्याची नोंद पाहिजे. ही पाहणी राज्यभर सुरू झाली १५ ऑगस्ट २०२१ ला, म्हणजे तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. शेतात उभं राहून मोबाईलवर पिकाचा फोटो काढायचा, तोही मुदतीत, आता ज्याच्या वावरात रेंजच नाही किंवा ज्याच्याकडे साधा फोन आहे त्याने काय करायचं? आणि अनुदान जाहीर झालं तेव्हा कांदा विकूनही झाला होता, वावर रिकामं, फोटो कशाचा काढणार. अट आधी माहीत असती तर लोकांनी धडपडून नोंदी केल्या असत्या. मागाहून लावलेली अट ही अन्यायच होती असं माझं स्पष्ट मत आहे. बोगस पट्ट्या, म्हणजे कांदा विकल्याच्या खोट्या पावत्या, रोखायच्या हे कारण खोटं नाही, व्यापाऱ्यांचा माल शेतकऱ्याच्या नावावर दाखवणारे आहेतच, पण पट्टी, पासबुक, सातबारा सगळं खरं असलेला माणूस त्यात का भरडायचा? बापाच्या नावावर सातबारा आणि पोराच्या नावावर पट्टी, हे तर घरोघरी, त्यासाठी निदान शपथपत्राची सोय तरी ठेवली होती. नोंदीच्या अटीवर मात्र बरीच ओरड झाल्यावर गावपातळीवर समिती नेमून पडताळणी करायचं ठरलं, तोवर तलाठ्याकडे चकरा मारून लोक दमले होते.

पैसे यायला सप्टेंबर उजाडला, आणि नाशिकसारख्या मोठ्या मागणीच्या जिल्ह्यांत पहिल्या हप्त्यात १० हजारांपर्यंतच. त्याच्या आधीच, ऑगस्टमध्ये, केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं होतं आणि ८ डिसेंबरला तर निर्यातच बंद केली. मे २०२४ ला बंदी उठली पण शुल्क राहिलं, सप्टेंबरमध्ये ते २० टक्के झालं आणि पूर्ण निघालं १ एप्रिल २०२५ ला. त्यानंतरही भाव पडलेच आणि अनुदानाची मागणी पुन्हा सुरू झाली.