साबाए : तुमच्या फ्रेमचं गाव
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

टायटॅनियमची फ्रेम दाखवली की दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, 'एवढी महाग का?' आणि दुसरा, 'जपानी म्हणजे नेमकी कुठली?' दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचं त्यातच दडलेलं आहे.

जपानच्या पश्चिम किनाऱ्याकडच्या फुकुई प्रांतात साबाए नावाचं छोटं शहर आहे. लोकवस्ती सत्तर हजारांच्या आतबाहेर. जपानमध्ये बनणाऱ्या चष्म्याच्या फ्रेमांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक या एका प्रांतात बनतात आणि त्या धंद्याचं केंद्र साबाए.

गाव मुळात जोशोजी या बौद्ध मंदिराभोवती वाढलं. 1720 मध्ये मानाबे घराण्याला इथली जहागीर मिळाली आणि देवळाच्या गावाला दरबाराची कळा आली. याच घराण्यातल्या मानाबे आकिकात्सु यांनी एकोणिसाव्या शतकात रयतेला फिरायला म्हणून टेकडीवर बाग केली. तीच आजची निशियामा बाग. मे महिन्यात तिथे अझेलियाची हजारो झुडपं फुलतात. बागेतल्या छोट्या प्राणिसंग्रहालयात रेड पांडा आहेत, आणि शहराला त्यांचं कौतुक चष्म्याइतकंच!

चष्मे आले ते बर्फामुळे. या भागात हिवाळ्यात इतकं हिम पडतं की शेती बंदच. भात निघाला की शेतकऱ्याच्या हाताला पुढचे काही महिने काम नसे. 1905 मध्ये मासुनागा गोझाएमोन यांनी शेजारच्या शोनो गावात (ते आता फुकुई शहरात येतं) ओसाकाहून कारागीर बोलावले आणि गावातल्या तरुणांना फ्रेम बनवायला शिकवलं. हिशेब सरळ होता. जपानात शाळा आणि वर्तमानपत्रं वाढत होती, म्हणजे वाचणारे डोळे वाढणार. शिवाय या कामाला मोठी जागा किंवा मोठं भांडवल लागत नव्हतं. सुरुवात पितळी फ्रेमांपासून झाली. शिकलेले कारागीर पुढे स्वतंत्र झाले, काम गावोगाव पसरलं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर साबाएत कारखाने उभे राहिले.

'कारखाने' म्हटल्यावर मोठी धुराडी डोळ्यांसमोर आणू नका. एका फ्रेमला दोनशेच्या वर टप्पे असतात, आणि ते बहुतेक वेळा एका छपराखाली होत नाहीत. एक घर बिजागऱ्या करतं, दुसरं जोडकाम, तिसरं फक्त पॉलिश. अख्खं गावच कारखाना, असं म्हटलं तरी चालेल.

आता टायटॅनियम. वजनाला हलकं, घामाने गंजत नाही आणि निकेलमुळे ज्यांच्या कानामागे पुरळ येतं त्यांना शुद्ध टायटॅनियम सहसा मानवतं. आपल्याकडच्या दमट हवेत हे किती महत्त्वाचं, ते मुंबईकराला सांगायला नको. पण हा धातू कारागिराला छळतो. तापवला की हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो आणि सांधा कच्चा राहतो, म्हणून जोडकाम आरगॉनसारख्या वायूत किंवा निर्वातात करावं लागतं. कापायला आणि पॉलिश करायलाही तो हट्टी. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला साबाएच्या कारागिरांनी हे तंत्र बसवलं आणि टायटॅनियमच्या फ्रेमा मोठ्या प्रमाणात बनवणारं जगातलं पहिलं ठिकाण होण्याचा मान मिळवला. तुमच्या बिलातला मोठा भाग या मेहनतीचा आहे.

एक सावधगिरी. 'जपानी टायटॅनियम' आणि 'जपानमध्ये बनलेली फ्रेम' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात नुसता धातू जपानचा असू शकतो. घेताना काडीच्या आतलं कोरीव अक्षर वाचा, नाही तर सरळ आम्हाला विचारा.

साबाएचा दुसरा धंदा चष्म्यापेक्षा कितीतरी जुना. शहराच्या पूर्वेला कावादा भागात एचिझेन (या प्रदेशाचं जुनं नाव) पद्धतीची चकचकीत काळी-लाल लाकडी भांडी बनतात. परंपरा दीड हजार वर्षांची मानतात. सावंतवाडीचं लाखकाम आठवेल, पण आपली लाख किड्यापासून मिळते, तर तिकडचा 'उरुशी' हा झाडाचा चीक.

कधी जपानला गेलात तर साबाए स्टेशनापासून दहा मिनिटं चालत चष्म्यांचं संग्रहालय आहे. इमारतीच्या माथ्यावर भलामोठा लाल चष्मा आहे, चुकणार नाही. मात्र 2024 पासून शिंकान्सेन (जपानची बुलेट ट्रेन) फुकुईहून पुढे गेली ती साबाएला न थांबता, त्यामुळे फुकुईला उतरून लोकल गाडी पकडावी लागते.

शेवटी कामाचं. टायटॅनियमचा सांधा तुटला तर सोनाराकडे डाग द्यायला नेऊ नका. तो टिकणार नाही आणि फ्रेमचा रंगही जाईल. तुकडे डबीत घालून आमच्याकडे आणा. स्क्रू आवळणं आणि नाकावरच्या गाद्या बसवणं याचे आम्ही पैसे घेत नाही.