ओट्यावर सावली कुणाची?

स्वयंपाकघर नव्याने केलं तेव्हा हौसेने फॉल सीलिंग करून घेतलं आणि त्यात सहा गोल डाउनलाइट बसवले. बटण दाबलं की खोली लख्ख. चारच दिवसांत आई म्हणाली, "दिवे सहा, आणि कोथिंबीर चिरायची अंधारात!" ओट्याशी उभं राहून पाहिलं तर खरंच, फळीवर माझ्याच डोक्याची काळी सावली. सगळे दिवे ओट्याशी उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीमागे! जुनी ४० वॅटची ट्यूब ओट्यावरच्याच भिंतीला होती. तिचा उजेड बेताचा, पण समोरून यायचा. शिवाय ट्यूब चार फूट लांब, त्यामुळे एका टोकाचा उजेड हाताने अडला तरी दुसऱ्या टोकाचा पोचायचा आणि सावली पुसट व्हायची. डाउनलाइटचा उजेड वीतभर वर्तुळातून येतो, म्हणून त्याची सावली गडद.

आपण दुकानात वॅट विचारतो, पांढरा की पिवळा ते विचारतो. उजेड कुठे पडणार हे मात्र दिव्यापेक्षा फिटिंग, म्हणजे दिवा ज्यात बसतो ते घर, ठरवतं. आमच्याकडे उपाय सोपा निघाला: ओट्यावरच्या कपाटाच्या तळाला, पुढच्या कडेशी, एलईडीची पट्टी. छतापासून ओटा सुमारे सात फूट, कपाटापासून दोन. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, हा नियम छोट्या दिव्याला लागू पडतो. लांब पट्टीला तंतोतंत नाही. तरी जवळचा थोडका दिवा लांबच्या मोठ्या दिव्याला कसा भारी पडतो, ते त्यातून कळतं. डाउनलाइट वाईट नव्हेत. पॅसेजमध्ये, कपाटासमोर, देवघरावर ते शोभतात. फक्त ज्यावर उजेड हवा ते आणि दिवा यांच्या मधे माणूस यायला नको.

फिटिंगचं दुसरं काम राखणदाराचं. बाथरूमच्या दिव्याच्या खोक्यावर 'आयपी ४४' किंवा 'आयपी ६५' असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ४४ म्हणजे एक मिलिमीटरहून जाड काही आत शिरत नाही आणि कुठूनही उडालेले शिंतोडे चालतात. ६५ म्हणजे धूळ अजिबात नाही आणि पाइपने पाणी मारलं तरी हरकत नाही. हॉलमधला दिवा बहुतेक आयपी २० असतो. त्याला पाण्यापासून काहीच संरक्षण नाही. कोकणातल्या पावसात अंगणाच्या खांबावर तो लावला, तर पहिल्या झडीलाच एमसीबी पडायची.

पण दार घट्ट लावलं की आतली उष्णताही कोंडते. एलईडी जुन्या बल्बसारखा तापत नाही हे खरं, तरी त्याच्या बुडाशी असलेल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटला उष्णता सोसत नाही. त्यातला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा छोटा भाग, हळूहळू सुकतो. म्हणून बंद काचेच्या गोळ्यात साधा एलईडी बल्ब घातला की तो लवकर जातो, आणि आपण बल्बला शिव्या घालतो.

कारखान्यातला प्रश्न वेगळाच. साध्या चोकची ट्यूब ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा मंद होते. डोळ्यांना ते जाणवत नाही. पण लेथ मशिनवर काम पकडून फिरवणारा तीन जबड्यांचा चक मिनिटाला २००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर दर लुकलुकीला तो बरोबर एक तृतीयांश फिरतो आणि एका जबड्याच्या जागी दुसरा येतो. दिसायला चक जवळजवळ स्थिर! त्यावर कुणी हात ठेवला तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून शेजारशेजारच्या ट्यूब एकदम मंद होऊ नयेत यासाठी वेगवेगळ्या फेजवर घेत, आणि मशिनवर तारेचा छोटा बल्ब लावत. तापलेली तार इतक्या झटपट विझत नाही.

सगळ्यात अजब फिटिंग मात्र तारापूर किंवा लोटे परशुरामसारख्या ठिकाणच्या रासायनिक कारखान्यांत भेटतं: फ्लेमप्रूफ. जाड धातूचं अंग, कडक काच, भोवती बोल्टच बोल्ट. बघणाऱ्याला वाटतं, ज्वालाग्राही वाफ आत शिरू नये म्हणून एवढा बंदोबस्त. तसं नाही. दिवा तापतो, निवतो, जणू श्वास घेतो. आज ना उद्या वाफ आत जाणारच, हे गृहीत धरलेलं असतं. आत ठिणगी पडली तर स्फोटही होऊ द्यायचा. फक्त तो आतच राहिला पाहिजे. झाकण आणि अंग जिथे टेकतात तिथल्या धातूच्या रुंद, गुळगुळीत कडांमध्ये केसासारखी बारीक फट असते. स्फोटाचा गरम वायू तिच्यातून बाहेर पडताना दोन्ही बाजूंचा धातू त्याची उष्णता शोषून घेतो, आणि बाहेरच्या वाफेला पेटवण्याइतका तो तापलेला उरत नाही. १८१५ साली हम्फ्री डेव्हीने खाणकामगारांच्या कंदिलाभोवती तारेची जाळी गुंडाळली, त्यामागे हेच तत्त्व होतं.

म्हणून या फिटिंगच्या कडेवर ओरखडा चालत नाही, आणि दिवा बदलताना काढलेले सगळे बोल्ट परत बसवावे लागतात. एक जरी राहिला तरी फट वाढते, आणि उरतो तो नुसता जड डबा.