बोर्नमथची बाग आणि टीबीचे पेशंट

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर बोर्नमथ नावाचं शहर आहे, ब्रिटिश लोकांचं सुट्टीत बीचवर जायचं फेमस ठिकाण. बोर्न नावाचा छोटासा ओढा शहरातून समुद्राकडे जातो आणि त्याच्या काठाने साधारण 3 किलोमीटर सलग बागा आहेत, सगळ्यांसाठी खुल्या. समुद्राजवळच्या बागेत उंच पाइनमधून जाणारी एक वाट आहे, तिला आता पाइन वॉक म्हणतात, पण आधी ती इनव्हॅलिड्स वॉक होती कारण तिथे आजारी माणसं फिरायला यायची, त्यात टीबीवाले बरेच.

1810 च्या आसपास तिथे गाव असं नव्हतंच, नुसता रेताड, आम्लधर्मी माळ. अशा जमिनीत पाइन मस्त तग धरतो. सुईसारख्या पानांवर मेणाचा जाड थर असतो त्यामुळे खारा वारा सोसतो, आणि मुळांशी राहणारी बुरशी नापीक मातीतूनही फॉस्फरस वगैरे ओढून झाडाला देते, बदल्यात झाडाकडून साखर घेते. मला तर ही भागीदारी अख्ख्या बागेतली सगळ्यात भारी गोष्ट वाटते.

त्या काळचे डॉक्टर म्हणायचे की पाइनच्या वासाने फुफ्फुसं सुधारतात. 1841 मध्ये डॉ. ग्रॅनव्हिल यांनी गावाच्या हवेचं भरभरून कौतुक केलं, 1855 मध्ये टीबीचं सॅनिटोरियम सुरू झालं आणि गाव झपाट्याने वाढलं.

मग 1882 मध्ये रॉबर्ट कॉख यांनी टीबीचा जंतू शोधला. पाइनचा वास येतो तो पाइनीनसारख्या उडून जाणाऱ्या रसायनांमुळे, पण झाडाखाली बसून तेवढ्याशा वासाने फुफ्फुसातले जंतू मरत नाहीत. तरी पेशंटला बाहेर बसवणं अगदीच फुकट नव्हतं, कोंदट खोलीत खोकल्यातून उडालेले जंतू हवेत तासन्‌तास तरंगत राहतात, मोकळ्यावर ते वाऱ्याने पांगतात, उन्हातल्या अल्ट्राव्हायोलेट किरणांनी मरतातही, म्हणजे निदान घरच्यांना लागण व्हायचा धोका कमी. पेशंटला बरं करणारं औषध मात्र स्ट्रेप्टोमायसिनच्या रूपाने थेट 1940 च्या दशकात आलं, तोवर किती तरुण पोरं त्या वाटेवर आशेने चालली असतील, विचार करूनच कसंतरी होतं.

1870 मध्ये रेल्वे आली आणि हळूहळू धडधाकट टुरिस्टांची गर्दी वाढली, बँडस्टँड, फुलांचे ताटवे, सगळं त्यांच्यासाठी. पाइन मात्र राहिले, आणि आजही समुद्रावर जाणारे लोक त्यांच्याच सावलीतून जातात.