पाळीव सापाला रुळवणे

नव्याने आणलेला साप पेटीत स्थिरावून आपणहून भक्ष्य घेऊ लागेपर्यंतचा काळ, आणि त्या काळात पाळणाऱ्याने घ्यायची काळजी, यांना मिळून सापाला रुळवणे म्हणतात. हा काळ आठवड्याभराचा असतो, तसाच दोन-तीन महिन्यांचाही. येथे बॉल पायथन व कॉर्न स्नेक या सर्वाधिक पाळल्या जाणाऱ्या दोन परदेशी जातींचा आणि सोलापूरच्या उष्ण, कोरड्या हवेचा विचार केला आहे.

साप कोणता, हे आधी पाहावे लागते. नाग, धामण, अजगर, मांडूळ हे देशी साप वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित असल्याने ते घरात ठेवणे गुन्हा आहे. उसाच्या फडात सापडलेले धामणीचे पिल्लू बरणीत घालून आणणाऱ्या मुलाला हे समजावून सांगावे आणि सर्पमित्राला किंवा वन विभागाला बोलवावे. सोलापूर जिल्ह्यातील शेटफळ गावाबद्दल घराघरात नाग वावरतात असे वारंवार छापून येते; पण ते नाग येतात-जातात, त्यांना कोणी पाळलेले नसते. परदेशी जातींपैकी बॉल पायथन हा सायटिस या, वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वरील अधिनियमाच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची नोंदणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर करावी लागते. विकणाऱ्याकडे कागद नसतील तर साप घेऊ नये.

बॉल पायथन (पायथन रेजियस) पश्चिम व मध्य आफ्रिकेतला. दिवसभर तो वारुळात नाहीतर उंदरांच्या बिळात दडून बसतो आणि रात्री बाहेर पडतो. कॉर्न स्नेक (पँथेरोफिस गुट्टाटस) अमेरिकेच्या आग्नेय भागातला, जास्त हिंडणारा आणि सहसा खायला फार नखरे न करणारा. नव्या घरात उपाशी बसतो तो बहुतेक वेळा बॉल पायथनच, म्हणून पुढचे बरेचसे विवेचन त्यालाच धरून आहे.

साप जेवत नाही याचे कारण बहुधा भुकेत नसते, भीतीत असते. बिळात अंगाला चारी बाजूंनी भिंत टेकलेली असणे हीच त्याची सुरक्षितता. मोठी, मोकळी, चारी बाजूंनी काचेची पेटी माणसाला छान दिसते आणि सापाला उघड्यावर पडल्यासारखी वाटते. त्यामुळे पिल्लासाठी लहान, अपारदर्शक प्लास्टिकचा टब बरा. त्यात अंग जेमतेम मावेल अशा दोन लपायच्या जागा हव्यात, एक उबदार बाजूला व एक थंड बाजूला. एकच ठेवली तर सापाला ऊब आणि आडोसा यांतून एकाची निवड करावी लागते. फुटक्या माठाचे खापर, कडा घासून उपडे घातले, की दुकानातल्या महागड्या गुहेइतकेच काम देते. काचेची पेटी घेऊन झालीच असेल तर तीन बाजूंवर सोलापुरी चादर टाकावी. पुढचे काही दिवस हीच तिची सर्वांत उपयोगी जागा.

बॉल पायथनला उबदार टोकाला ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि थंड टोकाला २५ ते २७ अंश लागतात. कॉर्न स्नेकला दोन्हीकडे थोडे कमी चालते. परदेशी मार्गदर्शनात सगळा भर पेटी गरम कशी ठेवावी यावर असतो. सोलापुरात जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतल्या रात्री सोडल्या तर प्रश्न उलटा आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या खोलीत त्याहून वर जातो, आणि पेटीत थंड टोक असे उरतच नाही. पस्तिशीपुढच्या उष्णतेत कोंडलेला साप खाणे सोडून देतो, आणखी तापला तर मरतो. उन्हाळ्यात पेटी माळवदाच्या (मातीच्या जाड छताच्या) किंवा तळमजल्याच्या खोलीत, जमिनीलगत ठेवावी. हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) वापरायची तर थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान आवरणाऱ्या यंत्राशिवाय, कधीच नाही. वीज जाऊन येते तेव्हा तो बरोबर चालू झाला का हेही पाहावे.

कोरडेपणा हा दुसरा शत्रू. बॉल पायथनला साधारण ५५ ते ६५ टक्के आर्द्रता लागते आणि मे महिन्यातल्या दुपारी सोलापूरची हवा तिच्या जवळपासही नसते. अंग बुडवता येईल असे पाण्याचे जड भांडे, नारळाच्या काथ्याचे जाड अंथरूण आणि लपायच्या एका जागेत ओलसर शेवाळ, एवढ्यावर काम भागते. खोलीत पाण्याचा कूलर चालू असेल तर आर्द्रता आयतीच वाढते. फक्त त्याचा झोत पेटीवर येऊ देऊ नये.

शहराच्या पूर्व भागात एक वेगळीच अडचण संभवते. भिंतीपलीकडे यंत्रमाग चालू असेल तर जमीन बारीक थरथरत राहते, आणि साप खालच्या जबड्यातून जमिनीचे कंप टिपतो. अशा घरात पेटी सामाईक भिंतीपासून दूर, घडी घातलेल्या जाड चादरींवर ठेवावी आणि भक्ष्य माग थांबल्यावर द्यावे.

पेटीत सोडल्यावर पहिले पाच ते सात दिवस सापाला हात लावू नये. पाणी बदलायचे, विष्ठा काढायची, बस. या नियमाचा खरा भंग मालकापेक्षा पाहुणे करतात. साप आणल्याची बातमी वाड्यात पोचली की संध्याकाळी दहा माणसे फोन घेऊन उभी राहतात, आणि ‘जरा बाहेर काढ की’ हा आग्रह मोडणे अवघड जाते. तरी मोडावा.

आठवड्याने, अंधार पडल्यावर पहिले भक्ष्य द्यावे. भक्ष्याची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाइतकी असावी. कॉर्न स्नेकच्या पिल्लाला डोळे न उघडलेले उंदराचे पिल्लूच पुरते. गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्यावा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवावा. मायक्रोवेव्हमध्ये तो आतून शिजतो किंवा फुटतो. (श्रावण पाळणाऱ्या घरात त्याला फ्रिजमध्ये जागा मिळवणे हे सापाला खाऊ घालण्याहून कठीण ठरू शकते, वेगळा छोटा फ्रीझर हाच उपाय.) बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात, त्यामुळे गार उंदीर त्याच्या लेखी भक्ष्यच नसतो. उंदराचे डोके ३८ अंशांच्या आसपास गरम लागले पाहिजे. लांब चिमट्याने तो लपायच्या जागेच्या तोंडाशी हलकेच हलवावा. सापाच्या तोंडावर ढोसू नये. घेतला नाही तर आत ठेवून दिवा मालवावा. सकाळपर्यंत राहिला तर टाकून द्यावा आणि पुढचे पाच-सात दिवस पुन्हा प्रयत्न करू नये. रोज समोर धरलेला उंदीर सापाला भक्ष्याऐवजी त्रास वाटू लागतो.

विक्रेत्याकडे साप काय खात होता हे घेतानाच विचारून ठेवावे: माउस (लहान उंदीर) की रॅट (मोठा उंदीर), जिवंत की गोठवलेला, किती दिवसांनी. निम्म्या तक्रारी एवढ्याने मिटतात. जिवंत उंदीर पेटीत सोडून निघून जाणे धोक्याचे, कारण न खाणाऱ्या सापाला उंदीरच कुरतडतो. गल्लीत पकडलेला उंदीर तर कधीच देऊ नये. त्याच्या पोटात विष असू शकते. दुधाचाही काही उपयोग नाही. नागपंचमीला नाग दूध पितो असे दिसते, कारण त्याला आधी दिवस-दिवस तहानलेला ठेवलेला असतो.

डोळे निळसर, धुरकट झाले असतील तर साप कात टाकण्याच्या तयारीत आहे. तेव्हा खाणे अपेक्षितच नाही. एरवी उपवास किती चालू द्यावा हे वजन काट्यावर ठरते, मालकाच्या जिवाच्या घालमेलीवर नाही. स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर टबासकट आठवड्याला वजन करावे. प्रौढ बॉल पायथन महिनोन्महिने न खाताही वजन टिकवतो. पिल्लाला तेवढी सवलत नाही. वजन दहा टक्क्यांनी उतरले, तोंड उघडे टाकून श्वास घेऊ लागला, नाकातोंडातून बुडबुडे आले किंवा खवल्यांत बारीक काळे किडे दिसले तर पशुवैद्य गाठावा. सरीसृपांचा अनुभव असलेला पशुवैद्य साप आणण्यापूर्वीच शोधून ठेवलेला बरा. वेळ आलीच तर पुण्यापर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर जावे लागते. जबरदस्तीने घास कोंबणे हे पशुवैद्याचे काम, घरच्याचे नाही.

पहिला घास घेतल्यावर किमान ४८ तास साप उचलू नये. उचलल्यास तो उंदीर ओकून टाकतो आणि मग पुढचे भक्ष्य दहा ते चौदा दिवस लांबवावे लागते, तेही आधीपेक्षा लहान. ओळीने तीन-चार वेळा न चुकता खाल्ल्यावर दहा मिनिटे हातात घ्यायला हरकत नाही. पाहुण्यांना दाखवायचा तर त्यानंतर, आणि एका वेळी एकालाच.